कार-टी आणि ल्युपस: एर्लांगेनचे निकाल तुम्हाला कितपत पटतात?

निशिगंध

आमच्या ल्युपसवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटात सध्या एकच विषय चालू आहे. "एका सलाइनमध्ये ल्युपस कायमचा गेला, जर्मनीतला चमत्कार" अशा मथळ्याचा फॉरवर्ड फिरतोय. मला स्वतःला ल्युपस (आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार) आहे, किडनीपर्यंत पोचलेला. त्यामुळे फॉरवर्डवर न थांबता मूळ लेख वाचून काढले. जे समजलं ते मांडते. इथले डॉक्टर आणि आकडेवाले लोक भर घालतीलच.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या विद्यापीठात गेऑर्ग शेट्ट नावाचे संधिवाततज्ज्ञ आहेत. त्यांच्या गटाने २०२१ मध्ये २० वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग केला. तिचा ल्युपस कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता. तिच्या रक्तातल्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) काढल्या, प्रयोगशाळेत विषाणूच्या मदतीने त्यांत एक नवा जनुक घातला, पेशी वाढवल्या आणि तिलाच परत चढवल्या. या नव्या जनुकामुळे टी पेशींना सीडी१९ हे प्रथिन ओळखता येतं. ते बी पेशींच्या अंगावर असतं. अशी बी पेशी दिसली की टी पेशी तिला मारून टाकते. अशा बदललेल्या टी पेशींच्या उपचाराला कार-टी म्हणतात. ल्युपसमध्ये आपल्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, त्यांचं मूळ या बी पेशींत.

मुलगी बरी झाली. २०२२ मध्ये अशाच पाच जणांचे निकाल आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १५ जणांचे: ८ ल्युपसचे, ४ स्क्लेरोडर्माचे (त्वचा आणि अवयव कडक होत जाणारा आजार), ३ स्नायूंच्या दाहाचे. ल्युपसच्या आठही जणांचा आजार शांत झाला आणि पंधराच्या पंधरा जणांची स्टिरॉइडसकट सगळी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद झाली. सरासरी पाठपुरावा साधारण सव्वा वर्षाचा.

गोळ्या बंद! ज्यांनी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेऊन चेहरा सुजवून घेतलाय त्यांना हे दोन शब्द काय वाटतात ते मी सांगायला नको.

प्रश्न असा: यावर कितपत विश्वास ठेवायचा?

अनुस्वार

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

सांख्यिक

निशिगंध, मांडणी नेमकी आहे. पण ज्या पंधरा जणांबद्दल आपण बोलतोय ती रूढ अर्थाने चाचणी नव्हतीच. दुसरा इलाज उरलेला नाही म्हणून विशेष परवानगीने उपचार दिलेल्या रुग्णांची ती मालिका आहे. तुलनेचा गट नाही, चिठ्ठ्या टाकून वाटणी नाही, कोणाला काय दिलं हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक.

यात काय बिघडतं, असं कोणी विचारेल. ल्युपसमध्येच घडलेली गोष्ट सांगतो. रिटुक्सिमॅब नावाचं औषध आहे, तेही बी पेशीच मारतं. सुरुवातीला छोट्या छोट्या मालिकांमध्ये त्याचे निकाल झकास होते आणि डॉक्टरांना खात्री वाटू लागली होती. मग तुलनेच्या गटासह रीतसर चाचण्या झाल्या. २०१० ची एक्सप्लोरर, २५७ रुग्ण. २०१२ ची ल्युनार, १४४ रुग्ण, खास किडनीच्या ल्युपससाठी. दोन्ही अयशस्वी. ठरवलेल्या मुख्य निकषावर औषधाचा गट आणि बिनऔषधाचा गट यांत म्हणण्यासारखा फरकच निघाला नाही.

ल्युपस मुळात चढ-उताराचा आजार. माणूस सगळ्यात वाईट अवस्थेत असताना नवा उपचार दिला, तर पुढचे काही महिने तसेही थोडे बरे जाण्याची शक्यता असते. शिवाय अशा केंद्रात रुग्णाकडे लक्षही जास्त दिलं जातं.

वैद्यबुवा_नव्हे

(ॲलोपॅथीवाला आहे, संधिवात विभागात काम करतो. नावावर जाऊ नका.)

सांख्यिक यांचा रिटुक्सिमॅबचा दाखला चपखल आहे. पण तो जिथे लागू पडत नाही तेही पाहायला हवं. रिटुक्सिमॅबने रक्तातल्या बी पेशी जातात. लिम्फच्या गाठींत, ऊतींत खोल बसलेल्या बऱ्याचशा तशाच राहतात. एर्लांगेनच्याच गटाने २०२४ मध्ये रुग्णांच्या लिम्फगाठींचे तुकडे तपासून ही तुलना केली. रिटुक्सिमॅबनंतर गाठीत बी पेशी शिल्लक होत्या, कार-टीनंतर नव्हत्या. रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंडाचं औषध, ते रक्ताबरोबर जाईल तिथेच जातं. टी पेशी स्वतः हिंडते, ऊतीत शिरते, आणि वर तिची संख्याही वाढत राहते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तीन-चार महिन्यांनी या रुग्णांच्या बी पेशी परत आल्या. आजार परत आला नाही. आलेल्या पेशी 'कोऱ्या' होत्या, म्हणजे अस्थिमज्जेतून नव्याने निघालेल्या, पूर्वीची कोणतीही आठवण नसलेल्या. ल्युपसमध्ये आढळणारी डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं नाहीशी झाली, मात्र जुन्या लशींमुळे मिळालेलं संरक्षण बरंचसं टिकलं, कारण ती प्रतिपिंडं बनवणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींवर सीडी१९ नसतं. 'नुसता चढ-उतार' म्हणून हे सगळं समजावता येत नाही. सगळी औषधं बंद करून सव्वा वर्ष शांत राहिलेला गंभीर ल्युपस मी माझ्या ओपीडीत क्वचितच पाहिलाय.

मी_माणदेशी

म्हणजे हरळीसारखंच की. वरनं खुरपली तर पंधरा दिवसांत पुन्हा हजर, काशी खणून काढली तरच रान मोकळं. डॉक्टर, आमच्या मंडळींना संधिवात आहे, आमवात म्हणतात तो. बोटं वाकडी झालीत. त्यांना चालेल का हे?

वैद्यबुवा_नव्हे

दादा, रान मोकळं झालं की नाही ते अजून चार-पाच पावसाळे गेल्याशिवाय सांगता येणार नाही. :)

आमवातात अजून फार थोड्या रुग्णांवर हे झालंय. तिथे बी पेशींबरोबर दुसरेही खेळाडू असतात आणि हाताशी औषधंही बरीच आहेत: मेथोट्रेक्सेट, जैविक औषधं, जॅक गटातल्या गोळ्या. त्यामुळे जोखमीचं पारडं वेगळं पडतं. आमवातासाठी वेगळ्या वाटेनेही प्रयत्न चालू आहेत. मारणाऱ्या टी पेशींऐवजी शांत करणाऱ्या, नियामक टी पेशींना असाच नवा जनुक द्यायचा. याच नियामक पेशींच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकाचं नोबेल साकागुची, ब्रुन्को आणि रॅम्सडेल यांना मिळालं. रॅम्सडेल ज्या कंपनीच्या संस्थापकांत आहेत ती सोनोमा आमवातातच ही चाचणी करते आहे. पण वाकडी झालेली बोटं यातल्या कशानेच सरळ होणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

रेवती_फ्रँकोनिया

मी एर्लांगेनजवळच राहते. सीमेन्समुळे या भागात आपले लोक बरेच आहेत. भारतातून ओळखीपाळखीचे फोन येतात: "तुमच्या गावातच आहे ना ते हॉस्पिटल, नंबर लावून द्या." नंबर लावून देण्यासारखं काही नसतं. चाचणीचे निकष ठरलेले असतात. किती औषधं निकामी ठरली, किडनी किती शाबूत आहे, कोणकोणते संसर्ग आहेत, असं बरंच. शिवाय पुढे वर्षानुवर्षं तपासणीला यावं लागतं. पर्यटक व्हिसावर येऊन सलाइन लावून परत जाण्याचा हा प्रकार नाही. कृपया असे फोन करू नका.

जुनाखोड

पेशी घेतल्या, जनुक बदलले, परत घातल्या. निसर्गाशी इतकी झटापट कशाला? आयुर्वेदात पंचकर्म, रसायन चिकित्सा आहे. माझ्या मेहुणीचा ल्युपस दोन वर्षांत आटोक्यात आला.

निशिगंध

काका, मेहुणीबाई बऱ्या आहेत याचा आनंद आहे. त्यांनी एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, ल्युपसची नेहमीची गोळी) आणि स्टिरॉइड बंद केलं होतं का?

जुनाखोड

नाही, ते चालू होतं. कमी डोसमध्ये.

सांख्यिक

बघा, तुलनेचा गट लागतो तो याचसाठी. मेहुणीबाई असोत की एर्लांगेनचे पंधरा, प्रश्न तोच.

आणि तुलनेच्या गटात काय घडतं याचं ताजं उदाहरण देतो. ओबिनुटुझुमॅब हे रिटुक्सिमॅबचं पुढचं भावंड. किडनीच्या ल्युपसमध्ये त्याची मोठी चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, २७१ रुग्ण. ७६ आठवड्यांनी औषधाच्या गटातल्या ४६.४ टक्के लोकांची किडनी पूर्ण प्रतिसादाच्या निकषात बसली. ज्यांना खोटं सलाइन आणि नेहमीची औषधं दिली त्यांच्यातल्या ३३.१ टक्क्यांचीही बसली! म्हणजे दर तिघांतला एक जण नव्या औषधाशिवायच त्या निकषात. तुलनेचा गट नसता तर ४६ चं सगळं श्रेय औषधाला गेलं असतं. खरा फरक १३ टक्क्यांचा, आणि तोही मोलाचाच आहे.

वैद्यबुवा_नव्हे

मान्य. पण १३ टक्क्यांचा फरक दिसायला २७१ माणसं लागतात. पंधरापैकी पंधरा जण गोळ्याविना राहिले तर किती लागतील? आणि तुलनेच्या गटाला द्यायचं काय? खोटी कार-टी देता येत नाही. पेशी चढवण्याआधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइडची केमोथेरपी द्यावी लागते, नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी. ती उगाच कोणाला देणार?

सांख्यिक

खोटी नकोच. उपलब्ध असलेला सर्वोत्तम उपचार द्या आणि चिठ्ठ्या टाकून वाटणी करा. अवघड आहे, अशक्य नाही. स्क्लेरोडर्मात तर याहून आडदांड उपचाराची अशी चाचणी झालेली आहे. स्वतःच्याच मूलपेशींचं प्रत्यारोपण विरुद्ध सायक्लोफॉस्फमाइड, युरोपातली ॲस्टिस चाचणी, १५६ रुग्ण, निकाल २०१४ मध्ये. पहिल्या वर्षात प्रत्यारोपणाच्या गटातले सुमारे १० टक्के रुग्ण उपचारामुळेच दगावले, आणि तरीही दीर्घकाळात तोच गट जास्त जगला. वाटणी केली नसती तर पहिल्या वर्षाचे मृत्यू बघून उपचार बंद तरी पडला असता, नाहीतर वाचलेल्यांच्या मुलाखती छापून डोक्यावर तरी घेतला असता.

अनुस्वार

ॲस्टिसचं माहीत नव्हतं. धन्यवाद. कार-टीत असे मृत्यू झालेत का? दुष्परिणामांबद्दल कोणी नीट लिहील का?

वैद्यबुवा_नव्हे

लिहितो, जरा सविस्तर.

पहिला धोका म्हणजे सायटोकाइनचा, म्हणजे दाह वाढवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांचा लोंढा. टी पेशी एकदम कामाला लागल्या की ताप, रक्तदाब कमी होणं, प्राणवायू कमी पडणं. रक्ताच्या कर्करोगात हे फार गंभीर होऊ शकतं, कारण मारायच्या पेशींचा ढीगच असतो. ल्युपसमध्ये बी पेशी मोजक्याच, त्यामुळे लोंढाही लहान. त्या पंधरा जणांत दहा जणांना फक्त सौम्य प्रकार झाला, एकाला मध्यम. एकाला मेंदूशी संबंधित सौम्य त्रास झाला, एकाला न्यूमोनियासाठी दाखल करावं लागलं. मृत्यू नाही. पण पंधरा जणांत मृत्यू नाही यावरून हजारांत काय होईल ते कळत नाही, सांख्यिक लिहायच्या आत मीच लिहून टाकतो.

अवांतर: या लोंढ्यावरचा उतारा आमच्याच विभागातून गेलाय. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला रक्ताच्या कर्करोगासाठी कार-टी दिली आणि ती मरणाच्या दारात गेली. तिचं आयएल-६ (असंच एक सायटोकाइन) प्रचंड वाढलं होतं. संशोधक कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला बालसंधिवात होता, म्हणून आयएल-६ रोखणारं टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध त्यांना माहीत होतं. ते दिलं आणि एमिली वाचली. संधिवाताच्या औषधाने कर्करोगाचा उपचार तारला, आता तो उपचार संधिवाताकडे आलाय.

दुसरा धोका संसर्गाचा. केमो आणि बी पेशींचा अभाव मिळून काही महिने प्रतिकारशक्ती पडलेली असते. तिसरा, एर्लांगेनवाल्यांनी नंतर वर्णन केलेला: ज्या अवयवात आजार होता तिथेच तात्पुरती सूज, दुखणं, पुरळ. बहुतेक वेळा आपोआप शमतं. पण अनुभव नसलेला डॉक्टर त्याला आजार उलटल्याचं समजून भलतंच औषध सुरू करू शकतो.

चौथा आणि ज्याची लोकांना सर्वाधिक भीती वाटते तो: बदललेल्या टी पेशींतूनच नवा कर्करोग. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामकाने) मंजूर कार-टी उपचारांवर ठळक इशारा छापायला लावला. तोवर अमेरिकेत २७,००० हून अधिक डोस दिले गेले होते आणि टी पेशींच्या कर्करोगाच्या २२ घटना नोंदल्या होत्या. प्रमाण फार थोडं. कर्करोगाने मरणाऱ्या माणसाने ते सहज स्वीकारावं. २२ वर्षांच्या, किडनी अजून बरी असलेल्या मुलीने स्वीकारावं का, हे मला ठामपणे सांगता येत नाही.

चैत्रपालवी

मूल होण्याचं काय? ल्युपस असतो तो तरुण मुलींना, आणि सायक्लोफॉस्फमाइडचं नाव ऐकलं की आमच्या पोटात गोळा येतो.

वैद्यबुवा_नव्हे

रास्त प्रश्न. एर्लांगेनच्या पद्धतीत सायक्लोफॉस्फमाइडचा एकच डोस असतो, शरीराच्या दर चौरस मीटरला १००० मिलिग्रॅम. सर्वसाधारण भारतीय बाईसाठी दीड ग्रॅमच्या आसपास. किडनीच्या ल्युपसला आपण सर्रास जो 'युरो-ल्युपस' कोर्स देतो त्यात दर पंधरा दिवसांनी ५०० मिलिग्रॅम असे सहा डोस, एकूण ३ ग्रॅम. म्हणजे बऱ्याच जणींनी याच्या दुप्पट आधीच घेतलेलं असतं. तरीही बीजांडं गोठवण्याबद्दल आधी बोलून घ्यावं, विशेषतः तिशी ओलांडली असेल तर.

आजोळ_कोल्हापूर

हे भारतात कधी येणार? आयआयटी मुंबईची कार-टी आहे ना?

अनुस्वार

आहे. नेक्सकार१९. आयआयटी मुंबईतून निघालेली इम्युनोॲक्ट कंपनी आणि टाटा मेमोरियल यांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत लोकार्पण झालं. पण ती मंजुरी रक्ताच्या ठरावीक कर्करोगांसाठी आहे, ल्युपससाठी नाही. तीही सीडी१९ वरच जाते, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. अमेरिकेत पहिली कार-टी २०१७ मध्ये आली तेव्हा किंमत ४,७५,००० डॉलर होती. आपल्याकडची त्याच्या कितीतरी खाली, तरी लाखांत चाळीसच्या घरात जाणारी.

आजोळ_कोल्हापूर

चाळीस लाख म्हणजे आमच्याकडे जमीन विकूनही होत नाहीत. पण माझ्या भाचीला एका क्लिनिकमधून फोन आला होता. "ल्युपससाठी सेल थेरपीची ट्रायल आहे, जागा थोड्या आहेत, सहा लाख भरून नाव नोंदवा." म्हणून विचारलं.

वैद्यबुवा_नव्हे

भरू नका! एक रुपयासुद्धा नाही. चाचणी म्हटलं की रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट आहे. २०१९ च्या नव्या औषधं आणि चाचण्यांच्या नियमांनुसार चाचणीमुळे काही इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. जो पैसे मागतोय तो ही जबाबदारी घेणार आहे का?

भाचीला सांगा, त्यांच्याकडे सीटीआरआय क्रमांक मागायचा. भारतातल्या चाचण्यांची ही सरकारी नोंदवही, २००९ पासून नोंद सक्तीची. संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की प्रायोजक कोण, कुठल्या नैतिकता समितीने मान्यता दिली, कोणत्या रुग्णालयात चालू आहे, सगळं दिसतं. आणि 'सेल थेरपी' म्हणजे नेमकं काय देणार तेही लेखी मागा. बहुतेकदा ती कार-टी नसतेच. कुठल्या तरी मूलपेशींचं इंजेक्शन असतं आणि नाव मात्र जर्मनीचं सांगतात.

आजोळ_कोल्हापूर

क्रमांक मागितला. "ते अंतर्गत आहे" म्हणाले आणि फोन ठेवला.

रेवती_फ्रँकोनिया

मिळालं उत्तर.

अनुस्वार

किमतीवरून आठवलं. प्रत्येक रुग्णासाठी वेगळ्या पेशी बनवायच्या म्हटलं की खर्च येणारच. त्यावर दोन वाटा शोधताहेत. शांघायच्या गटाने जुलै २०२४ मध्ये सेल या नियतकालिकात तीन रुग्ण दाखवले. निरोगी दात्याच्या पेशी घेऊन, क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने त्यांतले काही जनुक काढून त्या दुसऱ्याला चालतील अशा केल्या होत्या. म्हणजे एका दात्यात अनेक रुग्ण. दुसरी वाट आणखी धाडसी: पेशी बाहेर काढायच्याच नाहीत. चरबीच्या सूक्ष्म कणांतून एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायला सांगणारा तात्पुरता संदेश) शिरेत द्यायचा आणि शरीरातच टी पेशी काही दिवसांपुरत्या कार-टी करायच्या. कॅपस्टन कंपनीचे माकडांवरचे निकाल २०२५ मध्ये सायन्समध्ये आले आणि लगेच ॲबव्हीने कंपनीच विकत घेतली. यात केमो नाही, आणि जनुक कायमचा पेशीत बसत नाही म्हणून कर्करोगाची भीतीही कमी.

सांख्यिक

आणि परिणाम किती टिकतो ते नव्याने सिद्ध करावं लागेल.

निशिगंध

वाचतेय सगळं. सांख्यिक, तुमचं पटतं, पण एक बाजू राहतेय. तुम्ही म्हणता तशी चाचणी उभी राहून निकाल यायला पाच-सहा वर्षं. माझी किडनी तोवर थांबेल का? बायोप्सीत व्रण दिसायला लागलेत. जो भाग व्रण झाला तो कुठल्याच पेशी परत आणणार नाहीत ना, डॉक्टर?

वैद्यबुवा_नव्हे

नाही आणणार. दाह थांबवता येतो, व्रण पुसता येत नाही. म्हणूनच माझ्या मते आत्ताच्या चाचण्यांत भरती उलटी चालली आहे. सगळं निकामी ठरल्यावर, किडनी निम्मी गेल्यावर रुग्ण पात्र होतो, आणि नेमका तेव्हा वाचवण्यासारखा भाग कमी उरलेला असतो. लवकर द्यावं तर ज्याला साध्या औषधांनी बरं वाटलं असतं त्याला आपण केमो आणि जनुकबदल दिला असं होतं. कोण साध्या औषधांना दाद देणार नाही हे पहिल्या सहा महिन्यांत ओळखता आलं तर हा पेच सुटेल. चाचण्यांनी खरं तर ते शोधायला हवं.

सांख्यिक

या मुद्द्यावर मी डॉक्टरांच्या बाजूने. सहा महिन्यांत ज्यांच्या लघवीतली प्रथिनं ठरलेल्या प्रमाणात उतरली नाहीत, त्यांच्यातच चिठ्ठी टाका: निम्मे कार-टीला, निम्मे ओबिनुटुझुमॅबसारख्या चांगल्या औषधाला. एक-दोन वर्षांनी ज्यांना उपयोग झाला नाही त्यांना दुसऱ्या बाजूला जायची मुभा. निशिगंधताई, अशा चाचणीत तुम्ही चिठ्ठी उचलाल का?

निशिगंध

उचलेन. दुसरी बाजू मिळाली तरी काहीतरी चांगलं मिळणार असेल तर उचलेन. खोट्या सलाइनला नाही.

पुढच्या भेटीत ओबिनुटुझुमॅबबद्दलच विचारणार आहे. एक शंका: लहानपणी मला टीबी होऊन गेलाय. अशा चाचणीत त्यावरूनच बाद करतात का?

वैद्यबुवा_नव्हे

सरसकट नाही. आयजीआरए ही रक्ततपासणी आणि छातीचं सीटी करतात. सक्रिय टीबी असेल तर बाद. सुप्त असेल तर आधी प्रतिबंधक गोळ्या आणि मग विचार, हे चाचणीगणिक बदलतं. हिपॅटायटिस बीची तपासणीही होते, त्यात नुसतं विषाणूच्या पृष्ठभागाचं प्रतिजन न पाहता त्याच्या गाभ्याविरुद्धचं (कोअर) प्रतिपिंडही बघायला सांगा, कारण बी पेशी घालवल्यावर झोपलेला विषाणू उठतो. ओबिनुटुझुमॅबआधीही हे सगळं लागतंच. टीबीच्या वेळचे जुने कागद, किती महिने आणि कोणत्या गोळ्या घेतल्या ते सापडत असेल तर भेटीला घेऊन जा.